गुरुवारचं भजन आणि माझा व्हायोला

माझा आवाज मोठा होता, हे मी सांगायची गरज नाही. सांगलीतल्या निम्म्या लेकीसुना सांगतील. मुलींच्या शाळेत मी पीटी शिकवली. गळ्यात शिट्टी असायची, पण ती शोभेची. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कुणी चुळबुळ केली, तर मी इकडून नुसतं "ए" म्हणायचे आणि रांग सरळ व्हायची. माहेर माझं साताऱ्याकडचं, घरात दोघे भाऊ सैन्यात. पण हुकूम सोडण्यात मीच पुढे, असं आमचे वडील म्हणायचे.

दर गुरुवारी हाच आवाज मी माधवनगरच्या दत्ताच्या देवळात लावायचे. आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यात ओळ सांगायचा मान माझा. म्हणजे अभंगाची ओळ आधी मी म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती उचलायची. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला काही वाटलं नाही, कारण गुरुवार शिल्लक होता.

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळं नीट पार पडलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की बोलण्याचा आवाज येईल, गाण्याचं सांगता येत नाही. झालंही तसंच. बोलायला लागले, पण वरचा सूर लावायला गेलं की नुसती हवा यायची. खालचा लावला तर घोगरा. मंडळात माझ्या जागी माझी धाकटी जाऊ ओळ सांगू लागली. ती गाते बरी, पण भीत भीत गाते, आणि प्रत्येक अभंगाआधी आपला घसा बसल्याचं जाहीर करते. माझ्या हातात सगळ्यांनी फार मायेनं टाळ दिले. टाळ वाजवत बसायचं मला जिवावर यायचं. मला माझी ओळ परत हवी होती, आणि ती मिळवल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

व्हायोला मला मोबाईलवर भेटला. घरी पडून पडून जे दिसेल ते बघत होते, त्यात एक पांढऱ्या केसांच्या बाई व्हायोलिनसारखंच, पण जरा मोठं वाद्य हनुवटीखाली धरून वाजवत होत्या. व्हायोलिन मी ऐकलेलं होतं, ते मला नेहमी जरा किंचाळल्यासारखं वाटतं. हे तसं नव्हतं. बाईमाणूस छातीतून गाते तिथला तो आवाज होता. माझा होता. मी उठून बसले. त्या बाई ज्या ऑनलाइन गटातल्या होत्या, तो मोठेपणी व्हायोला शिकणाऱ्यांचा आणि लहानपणी सोडून पुन्हा हातात घेणाऱ्यांचा गट होता. पुण्याचे, नाशिकचे, एक जोडपं कॅनडातलं, आणि शिकवणारी गोव्याची मुलगी. दर रविवारी सकाळी सगळे पडद्यावर जमायचे. पुढच्या महिन्यात मी त्यांच्यात होते आणि पुण्याहून मागवलेला व्हायोला माझ्या मांडीवर होता.

पहिले काही दिवस आमच्या यजमानांनी फार सोसलं. मी वाजवायला बसले की ते गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे. कुंड्या चार आणि पाणी तासभर. साताऱ्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, त्यापरीस तू शिट्टीच वाजीव."

गटाचा एक नियम होता. वाजवण्याआधी माफी मागायची नाही. मागितली की तुमचा नंबर शेवटी. हा नियम आपल्याकडच्या माणसाला किती जाचक आहे, हे त्या गोव्याच्या मुलीला ठाऊक नसावं. आपल्यात "गोड मानून घ्या" म्हटल्याशिवाय कुणी तोंड उघडतं का? पहिल्याच रविवारी मी "पाहुणे आले होते, सराव झाला नाही" असं सुरू केलं आणि तिनं हसतमुखानं मला शेवटी टाकलं. माझी पाळी येईपर्यंत बाकीच्यांचं इतकं ऐकलं की भीतीसुद्धा कंटाळून निघून गेली. त्यानंतर मी कधी माफी मागितली नाही. चुकायचे, तेही दणकून.

गटात माझं जमलं ते एका सुभेदारांशी. कवठे महांकाळकडचे, आता द्राक्षबाग बघतात. सैन्याच्या बँडमध्ये व्हायोलिन-व्हायोलावाले असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. तरुणपणी ते तिथं व्हायोला वाजवायचे, मग तो सुटला, आता इतक्या वर्षांनी पुन्हा धरला. रविवारी ते बागेतच मोबाईल टेकवून बसत. अंगात रग अशी की शिकवणारीलाही दुरुस्त करायचे. मला म्हणाले होते, "बाई, तुमी पलटणीत असता तर आमचं काय खरं न्हवतं." मला ते फार आवडलं.

वर्ष सरलं. गटात शिकवलेल्या साध्या धुना यायला लागल्या, आणि मग मी गुपचूप आमच्या अभंगांच्या चाली बसवायला घेतल्या. चाली हातात यायला वेळ लागला नाही. जन्मभर म्हटलेल्या होत्या. एका गुरुवारी व्हायोला घेऊनच देवळात गेले आणि सांगून टाकलं, "पुढच्या वेळी ओळ मी सांगणार. यावर."

जाऊ म्हणाली, "आक्का, शब्द न्हाईत तर अभंग कसला?"

"शब्द तुम्ही म्हणा की. तुम्हाला पाठ आहेत."

"पण ओळ कंची चाललीय ते देवाला कसं कळायचं?" एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं.

"देवाला कळेल. तुम्ही तुमचं बघा."

एवढा तोरा मिरवला आणि पुढच्या गुरुवारी साफ तोंडावर पडले. सूर सगळे लागले. पट्टी पेटीशी बरोबर जुळली. पण मी वाजवत सुटले आणि बायका माझ्या मागे धावत सुटल्या. दुसऱ्या कडव्याला एकेक गळायला लागली, तिसऱ्याला पेटीवालीनं पेटी थांबवली.

"बाई, तुमचं वाद्य लय ग्वाड हाय," ती म्हणाली, "पण आमी श्वास कवा घ्यायचा?"

सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. जावेनं घसा बसल्याचं सांगितलं आणि पुढचा अभंग सुरू केला. मी घरी येऊन व्हायोला खोळीत घातला आणि कपाटावर टाकला. यजमान म्हणाले, "आज वाजवायचं नाही का?" मी म्हटलं, "कुंड्या सुकल्यात तुमच्या."

रविवारी मात्र गटात झालं ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, कुणीतरी धीर देईल. सुभेदार बागेत पोट धरून हसले.

"आवं बाई, गजाला काय धाप लागती व्हय?" गज म्हणजे वाजवायची ती काठी. "तो इकडनं तिकडं जातोय, तिकडनं इकडं येतोय. त्याला कुटं छाती हाय. वाजिवताना तुमी मनात गाता का न्हाई?"

"नाही."

"का वं?"

"गळा गेलाय माझा. सांगितलंय मी."

"गळ्याचं कोण इचारतंय? मनात म्हना. जितं तुमाला दम घ्यावा वाटंल, तितं गज उचला. बायका बी तितंच घेतील."

मी कॅमेरा बंद केला. मला असं तोंडावर सांगितलेलं चालत नाही, सांगायची सवय मला आहे. पण राग त्यांचा आला नव्हता, हे दुपारपर्यंत लक्षात आलं. ऑपरेशन झाल्यापासून मी मनातसुद्धा गायले नव्हते. भांडी घासताना नाही, पूजा करताना नाही. शेजारी रेडिओवर अभंग लागला तर मी खिडकी लावून घ्यायचे. गळ्यात उरलं नाही ते आत ऐकायचं, याची मला भीती वाटत होती. मैदानभर पोरींना घाबरवलेली मी, एका ओळीला घाबरून बसले होते.

सोमवारी यजमान मंडईत गेले तेव्हा व्हायोला काढला. आधी डोळे मिटून ओळ मनात म्हटली. आवाज होता. जसाच्या तसा. वरच्या सुराला पूर्वी जशी जरा मान तिरकी व्हायची, तशी झालीसुद्धा. मी व्हायोला बाजूला ठेवला, भिजू नये म्हणून, आणि पोटभर रडले. मग तोंड धुऊन वाजवायला बसले. मन गात होतं आणि हात त्याच्या मागून जात होता, आणि ओळीच्या मध्यावर, मी पूर्वी जिथं श्वास घ्यायचे नेमकं तिथं, गज तारांवरून आपोआप उचलला गेला.

त्या गुरुवारी मी जावेकडे एकच अभंग मागितला. ती लगेच सरकली. मला वाटतं, तिला सुटल्यासारखं झालं. खुर्ची पेटीशेजारी ओढली, पट्टी मिळवली, कुणाकडे बघितलं नाही. पहिली ओळ मनात म्हणत वाजवली आणि गज उचलून धरला. मग पेटीवालीनं उचललं, जावेनं उचललं आणि मग सगळ्यांनी. पुढची ओळ मी दिली, त्यांनी घेतली. टाळ बसले. तिसऱ्या कडव्याला पूर्वी गळ्यात घ्यायचे ती छोटी हरकत बोटांनी घेतली, तेव्हा म्हाताऱ्या आजींनी "अगं बया" केलं. एकही बाई मागे राहिली नाही. गजर झाला, अभंग संपला, आणि मी शहाण्यासारखी कौतुकाची वाट बघत बसले.

जाऊ कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत होती.

"आक्का, दुसऱ्या कडव्यात तुमी शब्द खाल्लात."

"व्हय, मी बी ऐकला," पेटीवाली म्हणाली. "शेवटाकडं. घाई केली बाईंनी."

"आनि नेमकं देवाचंच नाव खाल्लं की वं," आजी म्हणाल्या.

मी भांडायला तोंड उघडलं होतं. चार तारांना शब्द कुठून आले, हे विचारणार होते. पण आधी मनात ती ओळ म्हणून बघितली. त्यांचं बरोबर होतं. मी व्हायोला पुन्हा हनुवटीखाली घेतला, ओळ देवाच्या नावासकट अख्खी सांगितली आणि गज उचलला, तोवर त्या गायलाही लागल्या होत्या.