एल्काना होपकिन्सचं वाक्य

केप कॉडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात एल्काना होपकिन्सची पिंपं नावाजलेली. त्यांतून थेंब गळायचा नाही. एल्कानाच्या पोटातलं मात्र लगेच चेहऱ्यावर यायचं, आणि पोटात दुखायचं ते बहुतेक वेळा जाबेझ स्नोमुळे. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे जाबेझला स्वतःची होडी मिळाली, चर्चमध्ये पुढून दुसरं बाक मिळालं. एल्कानाचं सहावं. शिवाय जाबेझचं अक्षर! मोत्यांसारखं! ते तर एल्कानाला शाळेपासून सलत होतं.

इंग्रजांशी लढाई सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. वॉशिंग्टनच्या सरकारला ती हवी होती, आम्हाला नको होती. आता तर सरकारच्या हुकमानं होड्या धक्क्याला बांधलेल्या. मासळी नाही, मग पिंपं कोणाला हवीत? त्यात एल्कानाचा थोरला मुलगा, ॲसा, हुकूम यायच्या थोडं आधी मासे धरतानाच पकडला गेला आणि इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन पडला. तेव्हापासून एल्काना दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "ज्यांनी जिवंत मासा कधी पाहिला नाही, ते आमच्या होड्या बांधून ठेवतात!"

लढाई थांबवा, असा अर्ज बोस्टनला, आमच्या राज्याच्या सरकारकडे, धाडायचं गावानं ठरवलं. लिहायचं काम अर्थातच जाबेझकडे गेलं. फेब्रुवारीतल्या सभेत त्यानं तो वाचून दाखवला. तिसऱ्या परिच्छेदात एल्काना ताठ झाला. 'ज्यांना मासेमारीची फारशी माहिती नाही, त्यांनी आमच्या होड्या अडवल्या आहेत.'

"वा, जाबेझ! काय लिहिलंयस!" मागून कोणी तरी ओरडलं.

एल्कानाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मान्य असेल त्यांनी उजव्या भिंतीकडे, नसेल त्यांनी डाव्या," सभापती म्हणाले. सगळं गाव उजवीकडे सरकलं. एल्कानाचे पाय डावीकडे गेले. तिथे एकटा शुबेल टपालवाला उभा होता. सरकारची नोकरी, म्हणून सरकारची लढाई त्याला प्यारी.

"या, होपकिन्स," शुबेल सरकून जागा देत म्हणाला. "एकट्याला थंडी वाजत होती."

"एल्काना, भिंत चुकलास का?" सभापतींनी विचारलं. "अरे, शुबेलला कोणी मोजत नाही. पण ज्याचा मुलगा तुरुंगात, तोच विरुद्ध म्हटल्यावर बोस्टनमध्ये आपला अर्ज कोण मनावर घेईल?"

आमच्याकडची रीत अशी, की विरोध करणाऱ्याचं कारण गावाच्या वहीत नावानिशी लिहायचं. कारकुनानं पिसाची लेखणी शाईत बुडवली. वहीत आपलं नाव, आणि शेजारी जाबेझचं नाही! क्षणभर एल्कानाला गोड वाटलं. मग त्या नावापुढे काय लिहिलं जाईल, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. ॲसाचा बाप, लढाईच्या बाजूचा.

"वाक्य बिघडवलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "'फारशी माहिती नाही'! असं मुळमुळीत कोण बोलतं? 'ज्यांनी जिवंत मासा कधी पाहिला नाही', असं आहे ते. माझ्याच दारात उभं राहून ऐकलंय यानं!"

हशा पिकला. "खरंय, खरंय, एल्कानाचंच आहे!" दोघंतिघं म्हणाले.

"मग आधी बोलायचंस की," जाबेझ शांतपणे म्हणाला. "मला वाटलं, अर्जात इतकं तिखट नको."

"मुलगा माझा आत आहे. तिखटच लिही."

जाबेझनं ओळ खोडली, वर नवी लिहिली. एल्काना सगळ्यांदेखत चालत उजव्या भिंतीशी गेला.

"एवढ्यात चाललास?" शुबेल मागून म्हणाला.

घरी बेथाया चुलीवरचं मक्याचं पीठ ढवळत होती. "झालं का एकमतानं?"

"झालं. एक टपालवाला सोडून."

"मग पोराचा बाप असं तोंड करून का बसलाय?"

"माझं वाक्य घातलं त्यानं," एल्काना बूट ओढून काढत म्हणाला. "पण इतक्या सुंदर अक्षरात, की वाचणाऱ्याला वाटेल त्यालाच सुचलं."