किसनतात्यांची झील

किसनतात्या अंगणात तुणतुणं छेडत बसत आणि तोंडानं गप्प राहत. मग एकदम "जी रं जी जी!" म्हणून सूर लावत. पुन्हा गप्प, मोजून एका ओळीएवढं. मी शेजारी राहायला आलो तेव्हा पहिले चार दिवस वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

ते झीलकरी होते. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की मागून सूर धरणारे. पाटोद्याकडचं त्यांचं कलापथक चौघांचं. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांपुढं ते गायले. पुढं साखर कारखान्याचे सभासद व्हा, असं सांगत गावोगाव गायले. कारखाना उभा राहिला. शाहीर संचालक झाले, त्यांचं गाणं सुटलं. दुसरा झीलकरी मुलाकडं पुण्याला गेला, झांजवाला वारला. तात्या कारखान्यात पहारेकरी झाले. बायको आधीच गेलेली, लेकरू नाही.

मी त्याच कारखान्यात कारकून. घराण्यातला पहिला पदवीधर, त्यामुळं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज.

"तात्या, अख्खा पोवाडा पाठ आहे तुम्हाला. वार्षिक सभेत एकटे गा."

"न्हाई रं बाबा. पुढची ओळ शाहिराची. आमी घराची मागची भिंत."

"पण शाहीर आता गातात कुठं?"

"म्हणून त्याच्या जागी बसू? काहून माझ्या मागं लागलास?"

मी परस्पर त्यांचं नाव दिलं. सभेत ते माईकपुढं उभे राहिले. तुणतुणं वाजत होतं, तोंड उघडेना. त्यांनी मंचावरच्या शाहिरांकडं पाहिलं. शाहीर शेजारच्याशी बोलत होते. ओळीएवढं थांबून तात्या म्हणाले, "जी रं जी जी." थांबले. पुन्हा तेच.

"तबकडी अडकली का बे?" मागून कुणीतरी ओरडलं. मंडप हसला. शाहीरही हसले.

त्यानंतर तात्यांचं अंगण मुकं झालं. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी मी जाऊन बसलो. माफी मागायची होती. त्याऐवजी तात्यांनीच एकदा सांगितलेली पोवाड्याची पहिली ओळ जमेल तशी म्हटली, "ऐका मंडळी, आटल्या विहिरीची गोष्ट..." आवाज फाटका, तालाचा पत्ता नाही.

तात्यांनी डोळे मिटले. खुंटीवरचं तुणतुणंही न काढता माझा घसरता सूर त्यांनी असा उचलून धरला, की क्षणभर मलाच वाटलं, मला गाता येतं.

"लई वाईट गातोस," ते म्हणाले. "म्हण पुढं."

ते गेले त्या उन्हाळ्यापर्यंत मी म्हणत राहिलो.

तुणतुणं आता माझ्याकडं आहे. कधीमधी पहिली ओळ म्हणतो. ती संपली की थांबतो, त्यांच्या झिलेएवढं. मग दुसरी म्हणतो.