मामंजींचा परवाना

आमच्या मामंजींच्या लेखी परवान्यावाचून जगात कुणाचं पान हलत नव्हतं. वकिलाला खोटं बोलायचा परवाना, वैद्याला कडू पाजायचा, न्हाव्याला भल्याभल्यांची मान वाकवायचा. गावच्या पाटलाकडं बंदुकीचा परवाना होता. "पण बंदुकीला फुटायचा परवाना न्हाई," असं मामंजी म्हणायचे, कारण ती वाजल्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. घरात आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कुरकुरायचा परवाना होता आणि तो जन्मभराचा होता.

हळ्ळीखेडला त्यांची मराठी शाळा होती, घराच्या ओसरीवर भरणारी. गाव त्यांना परवाना मास्तर म्हणायचं. एखाद्या पोरानं पाटीवर 'नदि' असं ऱ्हस्व लिहिलं की ते विचारायचे, "तू कविता करायलास का?" पोरगं घाबरून नाही म्हणे. "मग दीर्घ कर. ऱ्हस्वाचा परवाना कवीला असतो, तुला न्हाई." एकदा एका बेरकी पोरीनं "व्हय, कविताच करायलेय," असं ठोकून दिलं. मामंजींनी तिला तिथंच बसवून चार ओळी करायला लावल्या. तिनं त्या खरंच केल्या, तेव्हा तिच्या सगळ्या चुका माफ झाल्या.

निजामाच्या राज्यात खाजगी शाळेला सरकारची परवानगी लागे. ती मामंजींकडं होती. हुमनाबादच्या कचेरीत चार खेपा घालून मिळवलेला, उर्दूत लिहिलेला, गोल शिक्क्याचा कागद त्यांनी काचेत घालून ओसरीवर टांगला होता. दसऱ्याला पाट्यांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. मामंजींना मराठी, मोडी आणि कन्नड वाचता येई. उर्दू ते फर्डं बोलत, पण त्या अक्षरांशी त्यांची ओळख नव्हती. घरात कुणाचीच नव्हती.

माझी होती. माझे वडील गुलबर्ग्याच्या अदालतीत कारकून, त्यामुळं मी तिथल्या मुलींच्या शाळेत सात वर्षं उर्दूतच शिकले. लग्न होऊन आले त्या आठवड्यात ओसरी झाडताना मी तो कागद वाचला आणि केरसुणी हातातच राहिली. शाळेचा त्यात कुठं उल्लेख नव्हता. लग्नाच्या वरातीत सनई-ताशा वाजवण्याची ती परवानगी होती, आणि तीही एका दिवसाची. कचेरीत कुणीतरी कागदांची अदलाबदल केली होती. अकरा वर्षं आमची शाळा वरातीच्या कागदावर चालली होती आणि कुण्या नवरदेवानं शाळेच्या कागदावर वरात काढली असणार.

हसू आवरेना, पण सांगणार कुणाला? नव्या सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. महिनाभर मी गप्प राहिले. मग बातमी आली, की उद्या शाळा तपासायला पहिल्यांदाच साहेब येणार. आता मात्र माझा जीव थाऱ्यावर राहिना. कागद पाहिला की शाळा बंद, आणि भर गावात मामंजींची शोभा. मी दाराआडून आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी मामंजींना.

त्यांनी काच उतरवून कागद उजेडाला धरला. मग म्हणाले, "सूनबाई, बाहेर ये. कामून लपायलीस? महिनाभर ठाऊक असून बोलली न्हाईस?"

"मला परवाना नव्हता," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

मामंजी पोट धरून हसले. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "मास्टरसाब, ये तो शादी के बाजे की इजाजत है. एक दिन की."

ओसरीवर पोरं एका सुरात पाढे ओरडत होती. मामंजींनी त्यांच्याकडं हात केला. "साब, शादी अब्बी चालूच है."

साहेब मिशीत हसले. माणूस वाईट नव्हता. पण शाळा बंद केलीच. नवी परवानगी हवी असेल तर उर्दू शिकवणारं कुणीतरी दाखवा, एवढं सांगून गेले.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. पोरं सवयीनं दारापर्यंत येत आणि परत जात, तेव्हा मला मामंजींच्या तोंडाकडं बघवत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. "अर्ज लिही. उर्दू शिकवणाऱ्याच्या जागी तुझं नाव घाल."

"सून चारचौघांत बसून शिकवणार?" आत्याबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायचा परवाना हाय. म्हणू दे की."

तीन महिन्यांनी परवानगी आली. या वेळी त्यांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. शाळा उघडली, हजेरीपट माझ्या हाती आला. सगळ्यांत खाली, मामंजींच्याच अक्षरात, त्यांचं स्वतःचं नाव होतं. साठीतला माणूस पाटी घेऊन पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला होता, अलिफ-बे शिकायला.

वरची सगळी नावं मी घेतली आणि त्या ओळीशी अडले. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. त्या नावाचा पाहुणा घरी आला तरी मी त्याला नुसतं 'पाहुणे' म्हणत असे.

"मास्तरीणबाई, नाव घ्या," मामंजी शांतपणे म्हणाले. "घेतल्याबिगर हजेरी लागत न्हाई."

"माणिकराव," मी म्हणाले.

"हजर."

दोन वर्षं ते नाव मी रोज घेतलं. माझे सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत ढ विद्यार्थी तेच. त्यांना शेवटपर्यंत 'सीन' आणि 'शीन' या अक्षरांमधला फरक कळला नाही. त्यांच्यावर मी ओरडू शकत होते, याचं मला आजही नवल वाटतं. माझ्या वडिलांनी मला शिकवलं खरं, पण मला माणसांत उभं केलं ते मामंजींनी.

हिवतापानं ते गेले. चौदाव्या दिवशी शाळा भरली. हजेरी घेता घेता सवयीनं माझ्या तोंडून ते नाव गेलं आणि पोरं मामंजींच्या रिकाम्या जागेकडं बघायला लागली. मी पट मिटायला लागले, तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला.

"पुन्यांदा घे गं. मला कधी घेता आलं न्हाई."

मी पुन्हा घेतलं.