दिवस मावळायच्या आत चाळीस किलोमीटर

आमची विजेवर चालणारी लहान गाडी घेतली तेव्हा तीन महिने मी रोज वहीत आकडे लिहिले. सदलग्याच्या घरी पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावायची, सकाळी शंभर टक्के. एका टक्क्याला दोन किलोमीटर, हा माझा हिशेब पक्का होता. पुढे मळ्याच्या रस्त्यासाठी रुंद टायर बसवून घेतले आणि टपावर कॅरियर लावला. आकडे मात्र पुन्हा काढले नाहीत.

त्यानंतर आईला डोळे दाखवायला बेळगावला नेलं. जाऊन-येऊन एकशेऐंशी किलोमीटर, म्हणजे घरी पोचल्यावर दहा टक्के उरायला हवेत. बेळगावात पोचलो तेव्हा पंचावन्नच्या जागी चव्वेचाळीस दिसले. मी वेगाला दोष दिला. येताना सावकाश चालवू म्हटलं. तिथं चार्जिंगला थांबलो असतो तर आईला उशीर झाला असता.

आई दिवस मावळल्यावर जेवत नाही, पाणीही पीत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा नेम. आता तिला साखरेचा आजार आहे आणि संध्याकाळची गोळी जेवणानंतरच घ्यायची असते. म्हणजे तिला उजेड असेतो घरी पोचवणं भागच होतं.

संकेश्वरजवळ आलो तेव्हा सव्वापाच झाले होते. तेरा टक्के उरले होते आणि घर चाळीस किलोमीटर लांब. हायवेवरच्या हॉटेलपाशी चार्जर एकच, आणि त्याला दुसरी गाडी लावलेली.

"अजून चाळीस मिनिटं लागतील," तो गाडीवाला म्हणाला.

त्याची चाळीस, मग माझी निदान तीस. दिवस सव्वासहाच्या आत मावळणार होता.

"काय म्हणतीया तुझी वही?" आईनं विचारलं.

"न्हाय पोचत."

"मग वहीला इथंच बसीव. हॉटेलातलं मी खाणार न्हाय, तुला ठावं हाय. गावात बस्ती असंल की. रिक्षा बघ."

त्या गाडीवाल्याकडे किल्ली दिली आणि त्याचं झालं की आमची लावायला सांगितलं. अनोळखी माणसाकडे किल्ली देण्याची माझी ही पहिलीच वेळ. बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिराला, पोचलो तेव्हा पावणेसहा वाजत आले होते. आईनं आधी दर्शन घेतलं. मी घड्याळ बघत पायरीवर उभा. शेजारीच बस्तीची पूजा करणाऱ्या उपाध्यांचं घर. त्यांच्या बायकोला आईनं दारातूनच सांगितलं, "आक्का, सदलग्याची मी. दिवस मावळायच्या आत दोन घास पायजेत."

ओळख ना पाळख. त्या बाईंनी नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. "या आत. आमचीबी ताटं आत्ताच मांडल्यात," म्हणाल्या. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, गाळलेलं पाणी. मला ताट वाढू लागल्या तेव्हा मी नको म्हटलं. मी रात्री जेवतो.

"बस रं गप," आई म्हणाली. "गाडी भरतीया, तूबी भरून घे."

उपाध्ये हसले. मी बसलो. आई नेहमी सावकाश जेवते. त्या दिवशी तिनं दीड भाकरी मान वर न करता खाल्ली. तिला किती भूक लागली होती ते मला तेव्हा दिसलं. सकाळपासून मी फक्त टक्के बघत होतो.

सहा वाजून चार मिनिटांनी तिनं गोळी घेतली, तांब्या रिकामा केला आणि दाराबाहेर बघितलं. समोरच्या भिंतीवर अजून ऊन होतं.