सातदा तुटलेला दोरा

फोनच्या पोटात शिरून पुरावा शोधणं, हे मोजेबाईंचं काम. हातात कायम रबरी मोजे, म्हणून हे नाव. पोलिसांच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं झाली, पण घरी नवऱ्याच्या फोनकडे त्या ढुंकूनही बघत नसत. "पगार मिळाल्याशिवाय मी कुणाचा फोन उघडत नाही," म्हणायच्या.

आलेल्या फोनला त्या थेट हात घालत नसत. तो आधी एका छोट्या डबीला जोडायच्या. त्या डबीतून वाचता येतं, पण मूळ फोनवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. तशी हुबेहूब प्रत काढून मगच पुढचं काम. नवी पोरं वैतागायची. बाई म्हणायच्या, "इथं घाई केली की कोर्टात तोंडावर आपटतो."

एका सोमवारी तपास अधिकारी एका शिंपिणीचा फोन घेऊन आले. ती एका डॉक्टरीणबाईंकडे मापं घ्यायला जायची. त्यांच्या घरातून शुक्रवारी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या. शेजारणीने जिन्यात एक पाठमोरी बाई पाहिली आणि ती हीच, असं ठोकून दिलं. त्यात भर म्हणजे शिंपिणीचा फोन दोन वाजल्यापासून बंद. बिचारी तीन दिवस कोठडीत होती.

"हिच्या घरी फक्त सासरे, डोळ्यांनी अधू," अधिकारी म्हणाले. "म्हणतात, सून घरातच होती, मी तिचा आवाज ऐकत होतो. आता सासरा सुनेची बाजू घेतो, हेच मला संशयास्पद वाटतं!"

बाईंनी प्रत काढली. फोन कुणी बंद केला नव्हता, बॅटरी संपून मेला होता. त्याआधीचा शेवटचा फोटो एक पंचावन्नचा. कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन, त्याच्या पडद्यावर नुकतीच सुरू झालेली वेलबुट्टी.

"हे मशीन आणून द्या."

"मॅडम, आता शिलाई मशीनची उलटतपासणी घेणार?"

"घेणार. ते शेजारणीपेक्षा खरं बोलेल."

मशीन गाडीतून आलं, आणि त्याच्याबरोबर सासरेही. मशीन एकटं सोडायला ते तयारच नव्हते. आवाजाच्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारलं, "बाई, सूनबाई घरी कधी येईल हो?"

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. "बघते, आजोबा," एवढंच त्या म्हणाल्या.

आधी त्यांनी मशीनचं घड्याळ ताडून पाहिलं. चार मिनिटं पुढे होतं, तेही लिहून ठेवलं. मग मशीनची स्मृती उघडली. शुक्रवारी दोन ते साडेपाच या वेळात दोरा सात वेळा तुटला होता. दोरा तुटला की हे मशीन थांबतं, आणि कुणीतरी सुईत दोरा ओवून बटण दाबेपर्यंत जागचं हलत नाही. सातही वेळा ते दोन-तीन मिनिटांत पुन्हा चालू झालं होतं. दोन खोळंब्यांमधलं अंतर कधीच पाऊण तासावर गेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन यायलाच दीड तास लागायचा. आणि सासऱ्यांना ताटातलं मीठ दिसत नव्हतं, ते सुईत दोरा काय ओवणार?

बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. उड्या माराव्यात असं त्यांना वाटलं, पण अहवालात उड्यांना जागा नसते. त्यांनी सगळं तीनदा तपासलं आणि सही केली.

दुसऱ्याच दिवशी शिंपीण सुटली. पुढे खरा चोरही सापडला. तपास संपला तशी ती सासऱ्यांचा हात धरून मशीन न्यायला आली. बाईंनी तिला कागद वाचून दाखवला: तीन बाराला दोरा तुटला, तीन एकतीसला तुटला, चार पाचला तुटला…

"तुटणार नाही तर काय!" शिंपीण म्हणाली. "प्रत्येक वेळी मी त्या दोऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. ते ओरडणंच बाबा ऐकत होते."

सासरे चुळबुळले. मग चोरट्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, तो दोरा मीच आणला होता. दुकानदाराने गळ्यात मारला. तू इतकी चिडलेली, सांगायची छातीच झाली नाही."

शिंपीण हसायला लागली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. म्हाताऱ्याचे दोन्ही हात तिने गच्च धरले.

"बाबा," ती म्हणाली, "यापुढे दोरा तुम्हीच आणत जा."