गेजवरचं पांढरं तेल

ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी मी घातलं. मुद्दाम नाही, पण माझ्याच हातानं. आणि त्याचा दोष मी चाचांवर टाकला. आठ वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

चाचा म्हणजे आर्णीचे ट्रॅक्टर मिस्त्री. आमचा ट्रॅक्टर लहान, संत्र्याच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा. बाबांनी तो वरुडकडच्या एका बागायतदाराकडून जुनाच घेतला होता. घेताना चाचांना सोबत नेलं होतं. चाचांनी इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, म्हातारा आहे, पण खाणंपिणं वेळेवर दिलं तर तुमच्यापेक्षा जास्त जगेल. बाबा खूप हसले होते.

त्याच्या आधीच्या वर्षी आमची शेवटची बैलजोडी विकली गेली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते, बैलांचे खांदे हळद-तूप लावून शेकतात. गोठा रिकामा असताना बाबांना तो दिवस काढवेना. म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या देखभालीचा दिवस तोच ठरवला. दर वर्षी खांदशेकणीला चाचा पान्यांची पिशवी आणि नव्या तेलाचा डबा घेऊन सकाळीच यायचे. इंजिन थोडं तापवून जुनं तेल काढून नवं भरायचं, फिल्टर बदलायचा, एअर क्लीनरची वाटी डिझेलनं धुऊन तिच्यात खुणेपर्यंत नवं तेल भरायचं, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहायचा. ग्रीस मात्र बाबा स्वतः भरायचे. पुढच्या चाकाच्या सांध्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं की म्हणायचे, "झाला याचा खांदा मोकळा." मग दोघं ओसरीवर बसून पुरणपोळी खायचे. जाताना चाचा मला दर वर्षी तेच सांगायचे, "रोज सकाळी आधी गेज पाह्यजो, मंग चावी फिरवजो." गेज म्हणजे तेल मोजायची सळई.

आठ वर्षांपूर्वीच्या खांदशेकणीला चाचा काम उरकून गेले आणि मला हौस आली. बैल धुतात, रंगवतात, तसा मी ट्रॅक्टर सजवायला घेतला. तेल भरायच्या तोंडावरचं झाकण काढून लाल रंगवलं आणि उन्हात वाळत ठेवलं. तोंडात एक चिंधी कोंबली. मग विहिरीवरची मोटर चालू करून नळीच्या जोरदार पाण्यानं अख्खं इंजिन धुतलं. चिंधी केव्हा निघून पडली ते मला कळलंच नाही.

पोळ्याच्या सकाळी गेज काढला. तेल ताकासारखं पांढरट झालं होतं. मला समजलं. पण बाबा अंगणात झेंडूचा हार घेऊन उभे होते आणि गावात बैल-ट्रॅक्टर ज्याच्याखाली उभे करतात ते पोळ्याचं तोरण बांधून झालं होतं. इंजिन तापलं की पाणी उडून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि गेज पुसून परत घातला. नंतरही काही केलं नाही. आठ दिवस त्याच तेलावर बागेत फवारणी केली. नवव्या दिवशी इंजिन जाम झालं.

बाबांनी चाचांना बोलावलं. चाचांनी खालचा नट सैल केला, तसं घमेल्यात पांढरं तेल पडलं. त्यांनी वर पाहिलं ते माझ्याकडे. बाबांनी विचारलं, हे कशानं झालं? मी एका दमात म्हणालो, तेल यांनीच आणलं होतं, भेसळीचं असेल. चाचांनी हात पुसले, एकेक पाना पिशवीत ठेवला आणि निघून गेले. संध्याकाळी लोकांनी ट्रॅक्टरचं विचारलं, तेव्हा कडुनिंबाखालच्या पारावर मी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्यानंतर गावातला एकही ट्रॅक्टर चाचांकडे गेला नाही.

दुसऱ्या मिस्त्रीकडून इंजिन बांधून घेतलं. पुढच्या खांदशेकणीला बाबा एकटेच ग्रीस भरत बसले. मध्येच म्हणाले, "हात लय चांगला होता त्याचा. नियत कशी बिघडली, समजत नाही." मी शेजारीच बसून पट्टा दाबून पाहत होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. त्यांच्या आजारपणातही बोलता आलं असतं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, ते चाचांना खोटा माणूस समजूनच गेले. चाचा मातीला आले होते. फाटकाबाहेर उभे राहिले आणि पाणीही न पिता परत गेले.

यंदा खांदशेकणीला मी एकट्यानं तेल बदललं. जुनं तेल घमेल्यात काळंभोर पडलं, जसं पडायला हवं तसं. ते पाहून माझ्यानं पुढचं काम होईना. हात धुतले आणि आर्णीला गेलो. चाचांनी आता काम सोडलंय, हात कापतात. मी सगळं सांगितलं. 

"तेल पांढरं दिसलं तवाच समजलो होतो मी," ते म्हणाले.

"मंग बोलले काहून नाही?"

"तुया बापासमोर तुले खोटं पाडू? एकुलता एक पोरगा त्याचा." मग म्हणाले, "मले वाटे, तूच सांगशीन. अन् आता मले कायले सांगून राह्यला? मले तर मालूमच होतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीवर बसवून गावात आणलं. तोरणाखाली बैलजोड्या मोजक्याच होत्या, मागे ट्रॅक्टरांची रांग. चाचांना पारावर खुर्ची दिली. तोरण तोडून पोळा फुटायच्या आधी मी पोलीस पाटलांकडे दोन मिनिटं मागितली. माणसं पाराकडे वळली. ज्यांना हे सर्वांत आधी सांगायला हवं होतं, ते मात्र त्या गर्दीत नव्हते.

"आठ वर्षांमागं याच पारावर मी म्हणलो होतो, का चाचानं भेसळीचं तेल टाकलं. ते खोटं होतं. पाणी मायाच हातानं गेलं, अन् मले ते पोळ्याच्या सकाळीच समजलं होतं. बाबालेही मी खोटंच सांगतलं. त्याइची माफी आता मागता येत नाही. चाचा, तुमची मागतो. मले माफ करा."