ओझ्याच्या जनावरांचा रकाना

साहेबांनी माझा अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "आधी वाहतुकीचे आकडे आणा. आकड्यांशिवाय भिंत फोडता येत नाही."

ही धुळ्याची गोष्ट, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो, म्हणजे वरून साहेबांची आणि खालून लोकांची, अशी दोन्हीकडची बोलणी खाणारा माणूस. आग्रा रोडवर आम्ही कमरेइतका भराव टाकला होता. माती ढासळू नये म्हणून वस्तीच्या बाजूला दगडी भिंतही बांधली. लॉऱ्या मजेत धावू लागल्या. पण वस्ती भिंतीखाली आणि पाण्याचा नळ रस्त्यापलीकडे, हे आमच्या ड्रॉइंगमध्ये कुठंच नव्हतं.

वस्तीतल्या नर्मदाअक्कांच्या सुनेला आठवा महिना होता. घरात माणसं सात, त्यामुळे तिलाही पाण्याला जावंच लागे. एकदा भरल्या हंड्यासकट ती भिंतीवरून घसरली. थोडक्यात निभावलं. अक्का मला गाठून म्हणाल्या, "भाऊ, इतला मोठा रस्ता कया, आमनी वाट कोठे ठेवी?"

मला लाज वाटली. आखणी माझीच होती. म्हणून भिंतीत पायऱ्या कराव्यात असा अर्ज मी केला होता.

साहेबांच्या हुकमाप्रमाणे फॉर्म घेऊन तीन दिवस लिंबाखाली मोजणीला बसलो. फॉर्मात रकाने होते मोटारी, लॉऱ्या, बैलगाड्या, सायकली आणि ओझ्याची जनावरं. पायी माणसाला रकानाच नव्हता. खात्याच्या मते माणूस रस्त्यावर येतो तो चाकांवरच. समोरून बायका डोक्यावर दोन, कमरेवर एक हंडा घेऊन जात होत्या. शेवटी मन घट्ट करून मी त्या सगळ्या जनावरांत मांडल्या.

"एवढी जनावरं? कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"वस्तीचीच, साहेब."

मंजुरी आठवड्यात आली. फरक एवढाच की जनावरं पायऱ्या चढत नाहीत, म्हणून पायऱ्यांऐवजी रुंद उतार मिळाला. पोटुशा बाईला तोच सोयीचा. माणसांसाठी मागितलं असतं तर एवढं चांगलं काम झालं नसतं.

अक्कांना मी खरं सांगून टाकलं. त्या हसल्या; त्यांना वाट मिळाल्याशी कारण. "म्हैस लिखं तरी चाली भाऊ, वाट भेटाले जोयजे."

काम झाल्यावर साहेब पाहणीला आले. उतारावर शेण सोडा, खुराची खूणही नव्हती. "जनावरं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. नोकरी गेली असंच वाटलं.

तेवढ्यात अक्का बायकांची रांग घेऊन उतारावरून वर आल्या. साहेबांसमोर थांबल्या. "आमीच ती जनावरं, साहेब. बठ्ठी मोजी ल्या."

बठ्ठी म्हणजे सगळी; पण साहेबांनी मोजलं नाही. टोपी काढली, बाजूला झाले आणि रांग जाईपर्यंत तसेच उभे राहिले. मग माझ्याकडून फॉर्म मागून घेतला आणि शेवटी स्वतःच्या पेनानं एक रकाना आखला: पायी माणसं.

अक्कांची सून सुखरूप बाळंत झाली. पुढं नवे छापील फॉर्म आले, त्यात तो रकाना नव्हताच. तेव्हापासून मोजणीला जाताना मी फूटपट्टी सोबत नेऊ लागलो.